पदवीनंतर नॅनीचं काम: एक ते तीन वर्षांची मुलं सांभाळण्याआधी काय माहीत हवं

शेवटच्या परीक्षेनंतर अडीच महिन्यांनी मी एका सव्वा वर्षाच्या मुलाला सांभाळायला लागले. पहिल्या सकाळी त्याची आई दाराबाहेर पडली, मी हसत त्याला उचलायला गेले आणि त्यानं असं भोकाड पसरलं की पुढची चाळीस मिनिटं मला काही सुचेना. हातात पदवी होती, मुलांची आवड होती, नात्यातली भावंडं खेळवलेली होती. त्यातलं काहीही त्या चाळीस मिनिटांत कामाला आलं नाही. पुढे दोन घरांत मिळून चार वर्षं मी हे काम केलं. तेव्हा कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे जे वाटतं ते इथं क्रमानं लिहिते आहे.

नॅनी म्हणजे अधूनमधून दोन तास मुलाकडे बघणारी व्यक्ती नव्हे. एकाच कुटुंबात, त्यांच्याच घरी, आठवड्यातले बहुतेक दिवस मुलाचं खाणं, झोप, शी-शू, खेळ आणि बाहेर नेणं हे सगळं तुमच्याकडे असतं. पाळणाघरात शेजारी सहकारी असतात. इथं दिवसभर तुम्ही एकटे.

## १. आधी दोन पूर्ण दिवस काढून बघा

"मला मुलं खूप आवडतात" हे कारण पुरत नाही. ओळखीतल्या कुणाचं दीड-दोन वर्षांचं मूल असेल, तर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत असे लागोपाठ दोन दिवस त्याच्याबरोबर घालवा. पालक घरात असू देत, पण सगळं तुम्ही करा. एकच चित्रांचं पुस्तक नवव्यांदा वाचताना कसं वाटतं ते बघा. दहा-बारा किलोचं मूल कडेवर घेऊन जिने चढल्यावर कंबर काय म्हणते तेही बघा. मला स्वतःला सगळ्यात जड गेलं ते दिवसभर मोठ्या माणसाशी एकही वाक्य न बोलणं. कॉलेजच्या गजबजाटातून थेट या शांततेत येणं सोपं नाही, त्याची तयारी मनात हवी.

कुठल्या परीक्षेचा निकाल यायचा असेल किंवा दुसऱ्या नोकरीची वाट बघत असाल, तर तसं कुटुंबाला आधीच सांगा. या वयाच्या मुलाला तुमची सवय लागायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या महिन्यात तुम्ही निघून गेलात, तर त्याची किंमत मूल मोजतं. निदान एक वर्ष राहणार असाल तरच हे काम घ्या, असं माझं ठाम मत आहे.

## २. मुलाखतीआधी प्रथमोपचार शिका

हा टप्पा पुढे ढकलू नका. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांत होतं. व्हिडिओ पाहून भागणार नाही. सरावाच्या पुतळ्यावर स्वतःच्या हातांनी दाब देऊन बघितल्याशिवाय किती जोर लावायचा ते कळत नाही. या गोष्टी झोपेतून उठवलं तरी आठवल्या पाहिजेत:

- घशात काही अडकलं तर: मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं ५ थापा. अडकलेलं निघालं नाही, तर एक वर्षावरच्या मुलाला मागून धरून पोटावर ५ झटके, आत आणि वरच्या दिशेनं. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, छातीवर द्यायचे. नुसत्या अंदाजानं तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी खोल जाते.
- श्वास थांबला तर: छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीनं. दाब छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल.
- भाजलं तर: वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, लोणी, टूथपेस्ट यांतलं काही लावायचं नाही.
- डोक्याला मार लागला तर: वारंवार उलट्या, गुंगी किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर. पालकांना फोन वाटेतून करा.

आणखी एक दुखापत आहे, तिचं नावच आपल्या कामावरून पडलं आहे. मुलाला एका हाताला धरून वर ओढलं किंवा हिसका दिला, तर कोपरातलं हाड जागेवरून किंचित सरकतं. इंग्रजीत तिला 'नर्समेड्स एल्बो' म्हणतात, म्हणजे दाईमुळे झालेलं कोपर. एक ते चार वर्षांच्या मुलांत ती नेहमी दिसते. म्हणून हात धरून झोके देऊ नका. रस्त्यावर मूल बसकण मारून बसलं तर हाताला ओढू नका. नेहमी दोन्ही काखांखाली हात घालूनच उचला.

## ३. कागदपत्रांची फाइल

मुलाखतीला जाताना सोबत असू द्या:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (प्रती; मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायचे नाहीत)
- पदवीचं प्रमाणपत्र किंवा शेवटची गुणपत्रिका
- प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र
- पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला (याला वेळ लागतो, अर्ज सगळ्यात आधी करा)
- लसीकरणाची नोंद आणि अलीकडच्या वैद्यकीय तपासणीचा कागद
- दोन माणसांची शिफारसपत्रं
- गाडी चालवायची अपेक्षा असेल तर वाहन परवाना

शिफारसपत्रावर नवे लोक अडतात, कारण आधी नोकरीच केलेली नसते. ज्यांचं मूल तुम्ही ते दोन दिवस सांभाळलं, त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या. एखाद्या प्राध्यापकांनी तुमच्या वक्तशीरपणाबद्दल लिहिलं, तरी ते चालतं. पालकांना सगळ्यात आधी भरवसा हवा असतो.

## ४. काम शोधताना

ओळखीतून आलेलं काम सगळ्यात चांगलं. त्यानंतर नॅनी पुरवणाऱ्या संस्था आणि जाहिराती. काही ठिकाणी लगेच सावध व्हा. काम मिळण्याआधी नोंदणीच्या नावाखाली पैसे मागणं, मुलाचं वय किंवा संख्या न सांगणं, पालकांशी बोलू न देता थेट 'उद्यापासून या' म्हणणं, मूळ प्रमाणपत्रं 'सुरक्षिततेसाठी' ठेवून घेणं. यातलं एक जरी दिसलं तरी पाय मागे घ्या. पहिल्या भेटीला जाताना घराचा पत्ता आणि परतायची वेळ घरच्यांना सांगून ठेवा.

## ५. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा

पहिल्या मुलाखतीत मी फक्त उत्तरं दिली. ती चूक नंतर वर्षभर भोगली. पालक तुम्हाला निवडतात तसं तुम्हीही घर निवडत असता. हे नक्की विचारा:

मुलाला कसली ॲलर्जी आहे का, औषध चालू आहे का? झोप कशी लागते: कडेवर, पाळण्यात की कुणी शेजारी बसल्यावर? हट्ट केला की तुम्ही काय करता? मोबाइल-टीव्हीबद्दल घरचा नियम काय? आधी कुणी सांभाळत होतं का, आणि त्यांनी काम का सोडलं? घरात कॅमेरे आहेत का, कुठं? दिवसा घरात आणखी कोण असतं?

शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आई किंवा वडील शेजारच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करत असतील, तर तुमचं काम दुपटीनं अवघड होतं. दार उघडलं की मूल तिकडे धावतं, दार बंद झालं की रडतं, आणि दिवसातून सहा वेळा ताटातूट होते. यावर एकच उपाय मला लागू पडला. पालकांनी ठरलेल्या वेळीच बाहेर यायचं, तेही निवांत पंधरा-वीस मिनिटांसाठी. मध्येच पाणी प्यायला डोकावायचं नाही.

## ६. चाचणीचे दिवस, तेही पगारी

नोकरी पक्की होण्याआधी दोन-तीन दिवस पालकांच्या उपस्थितीत काम करून बघा आणि त्याचे पैसे आधी ठरवा. फुकट चाचणी मागणारं घर पुढे जादा तासांचे पैसेही देत नाही, असा माझा अनुभव आहे. या दिवसांत मुलाकडे बघाच, पण आई-वडील एकमेकांशी आणि घरातल्या इतर कामगारांशी कसे बोलतात तेही बघा. काही महिन्यांनी ते तुमच्याशी तसंच बोलणार आहेत.

## ७. सगळं लेखी करून घ्या

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या पहिल्या घरी काहीच लिहिलेलं नव्हतं. माणसं चांगली होती, मलाही संकोच वाटला. पहिल्या महिन्यात मी मुलाचे कपडे धूत होते. तिसऱ्या महिन्यात सगळ्या घराचे कपडे, पाचव्यात रात्रीची भांडीही. कुणी कधी हुकूम केला नाही. "तेवढं जमलं तर कर ना" असं म्हणत म्हणत ते वाढत गेलं. मी भांडी घासत असताना मूल एकटंच खेळत बसायचं. नुकसान माझं झालंच, पण ज्याच्यासाठी मला ठेवलं होतं त्याचंही झालं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार (कन्व्हेन्शन) संमत केला. दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळणारी माणसंही त्यात येतात. कामाच्या अटी नीट कळतील अशा, शक्यतो लेखी असाव्यात. आठवड्यातून किमान सलग २४ तास विश्रांती मिळावी. पासपोर्ट आणि ओळखपत्रं कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात राहावीत. हे सगळं त्यात आहे. प्रत्येक देशानं तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे तुमच्या ठिकाणचा कायदा बघावाच लागेल. तरीही काय मागणं वाजवी आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

करार दोन पानी असला तरी पुरतो. त्यात हे हवं:

- रोजची सुरुवातीची आणि सुटीची वेळ. पालकांना यायला उशीर झाला तर त्या तासांचा दर
- पगार, तो मिळण्याची तारीख, दरवाढ कधी
- पगारी रजा, आजारपणाची रजा, सुट्या
- कुटुंब गावाला गेलं किंवा त्यांनी ऐनवेळी 'आज येऊ नका' सांगितलं, तर त्या दिवसाचे पैसे मिळणार की नाही
- कामांची यादी: मुलाचं जेवण, कपडे, खेळण्यांची आवराआवर, आणि जी कामं तुमची नाहीत त्यांचीही यादी
- दुसरं बाळ आलं किंवा पाहुण्यांची मुलं सांभाळावी लागली तर काय
- मुलाबरोबर बाहेर गेल्यावरचा खर्च कोण करणार
- काम सोडताना किंवा काढताना दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं
- औषध देण्याची लेखी परवानगी आणि पालकांशी संपर्क होत नसेल तेव्हा फोन करायची माणसं

'ऐनवेळी रद्द'चा मुद्दा कुणाला सुचत नाही आणि महिन्याचं गणित नेमकं त्यानंच कोलमडतं. करार मागताना अवघडल्यासारखं झालं तर सरळ म्हणा, "दोघांनाही पुढे गैरसमज नकोत, म्हणून लिहून ठेवू या." ज्यांना प्रामाणिकपणे काम हवं आहे ते कधी नाराज होत नाहीत.

## ८. पहिले पंधरा दिवस

पालकांपासून दूर होण्याची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांत सगळ्यात तीव्र असते. म्हणून सव्वा वर्षाचं मूल तुम्हाला बघून रडलं, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. माझी चूक होती ती लगेच उचलायला जाण्याची. तिसऱ्या दिवशी मी नुसती जमिनीवर बसले, त्याच्याकडे न बघता ठोकळ्यांचा मनोरा रचायला लागले. दहा मिनिटांनी तो आला आणि मनोरा पाडून गेला. मी पुन्हा रचला. पाचव्या वेळी तो हसला.

मुलाला तुमच्याकडे येऊ द्या, तुम्ही त्याच्या अंगावर जाऊ नका.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगा: मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नका. सांगून, हात हलवून, रोज एकाच पद्धतीनं निरोप घ्या. त्या क्षणी मूल रडेल, पण आई न सांगता गायब होत नाही हे त्याला उमगेल. चोरून गेलेल्या आईचं मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं.

बऱ्याच मुलांचं एखादं दुपटं किंवा मऊ खेळणं असतं, त्याशिवाय त्यांना झोप येत नाही. ब्रिटिश बालरोग आणि मानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंचा अभ्यास केला होता. आईपासून दूर होण्याच्या वाटेवर मूल त्यांचा आधार घेतं, असं ते मांडत. मला हे काहीच माहीत नव्हतं. मळलेलं निळं दुपटं मी दुसऱ्याच आठवड्यात कौतुकानं धुऊन टाकलं. त्याचा ओळखीचा वास गेला आणि त्या दुपारी मूल झोपलंच नाही. धुवायचंच असेल तर सारखी दोन दुपटी आळीपाळीनं वापरायची सवय पालकांनाच लावायला सांगा.

## ९. दिवसाची लय आणि नोंदवही

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते. वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बहुतेक मुलं दिवसातल्या दोन झोपांवरून एकीवर येतात. तो महिनाभराचा काळ चिडचिडीचा असतो. जेवण थोडं अलीकडे घ्या, म्हणजे मूल ताटावर पेंगत नाही. मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको, त्यापुढे दिवसाला एक तासाच्या आत. तुमचा स्वतःचा फोनही यात धरा. मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला शिकतं.

एक साधी वही करा. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता झोप, शी कशी झाली, पडला-आपटला का, आज नवीन काय केलं. पाच ओळी पुरेत. छोटं खरचटलं तरी लिहा आणि पालक आल्यावर स्वतःहून सांगा. तुम्ही सांगण्याआधी त्यांना दिसलं, तर विश्वासाला तडा जातो. आणि पहिलं पाऊल किंवा पहिला शब्द तुमच्यासमोर आला, तर ती बातमी मात्र जपून द्या. मी तर "आज उभं राहायची फार धडपड चालली होती" एवढंच लिहिलं आणि संध्याकाळचं 'पहिलं' पाऊल त्यांना बघू दिलं. हे काही जणांना पटणार नाही. मला अजूनही बरोबर वाटतं.

## १०. घर गुडघ्यांवर बसून बघा

पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांतून रांगत फिरा, म्हणजे मुलाला काय दिसतं ते कळेल. लोंबणाऱ्या पडद्यांच्या दोऱ्या, भिंतीला न ठोकलेली कपाटं, टेबलाच्या कडेला ठेवलेला गरम कप, बेसिनखालची साफसफाईची द्रावणं. टिश्यूच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती घशातही अडकू शकते.

चपट्या गोल बॅटरीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. रिमोट, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र अशा कशातही ती असते. गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकतं. संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. लहान शक्तिशाली चुंबकांचंही तसंच: दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात.

द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. अख्खे दाणे, शेंगदाणे किंवा सुकामेवा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत देऊ नका. जेवताना मूल बसलेलंच हवं, हिंडत नाही. आणि पाणी: बुडायला काही सेंटिमीटर पुरतात, आवाजही होत नाही. अंघोळीच्या वेळी दाराची घंटा वाजली तर वाजू द्या, नाहीतर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या.

## ११. हट्ट, चावणं आणि तुमचा स्वतःचा राग

दोन वर्षांच्या मुलाला कळतं भरपूर, सांगता येतं थोडं. आकांडतांडवाचं मूळ बहुतेकदा तिथं असतं, नाहीतर भूक आणि झोपेत. त्या वेळी समजावून सांगण्यात अर्थ नसतो. जवळ बसा, त्याला इजा होणार नाही एवढं बघा, आवाज खाली ठेवा. वादळ ओसरलं की दोन शब्दांत काय झालं ते सांगा: "चेंडू हवा होता. राग आला." शब्द मिळाले की हट्ट हळूहळू उतरतात. 'बूट घाल' ऐवजी 'लाल घालायचे की निळे?' असं विचारलं, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

चावलं तर उलट चावून 'दाखवू' नका, कुणीही सल्ला दिला तरी.

असे दिवस येतील की तुमचाच तोल जाईल. तेव्हा मुलाला पाळण्यात किंवा सुरक्षित जागी ठेवा, दाराबाहेर उभे राहून पाच मिनिटं श्वास घ्या, पालकांना फोन करा. लहान मुलाला रागानं गदागदा हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाच मिनिटं रडल्यानं काही होत नाही.

## १२. फोटो, गुपितं आणि पालकांशी मतभेद

मुलाचा फोटो स्वतःच्या खात्यावर टाकू नका, चेहरा झाकलेला असला तरी. त्या घरातली भांडणं, आजार, पैसे यांबद्दल बाहेर अक्षर काढू नका. पालकांची पद्धत पटली नाही तर मुलासमोर बोलू नका. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ठरवून बसा आणि वही समोर ठेवून बोला. पण मारणं, उपाशी ठेवणं असं काही दिसलं, तर तो मतभेद राहत नाही. तारीख-वेळेसह नोंद करा आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेला कळवा.

## १३. काम सोडताना

जॉन बोल्बी हे मुलांच्या आई-वडिलांशी असलेल्या बंधाचा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ. १९०७ मध्ये जन्मलेल्या बोल्बींना लहानपणी एका दाईनं सांभाळलं होतं. ते चार वर्षांचे होत असताना ती काम सोडून गेली आणि ते दुःख त्यांना आयुष्यभर आठवत राहिलं. तुम्ही निघता तेव्हा हे लक्षात असू द्या.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी साध्या शब्दांत सांगा, त्याहून आधी सांगितलं तर त्याला काळ कळत नाही. "लवकरच येईन" असं खोटं बोलू नका. नवी नॅनी येणार असेल, तर निदान तीन-चार दिवस दोघींनी एकत्र काम करा. पालकांची हरकत नसेल, तर महिन्याभरानं एकदा भेटून या.

नव्या नॅनीसाठी एक पानभर लिहून ठेवा. पालक वेळापत्रक सांगतीलच, तुम्ही फक्त तुम्हाला माहीत असलेलं लिहा. माझ्या पानावर होतं: भूक लागली की कान ओढतो. झोपताना पाठीवर हात, थोपटणं नको. पायऱ्या मोजत उतरतो, मध्ये बोललं तर पुन्हा वरून सुरुवात. निळी दुपटी दोन आहेत, दोन्ही एकदम धुवायची नाहीत.